ठाऊक असलेला शेवट

१

पोफळीच्या वीजगृहात जायचे म्हणजे डोंगराच्या पोटात शिरायचे. सह्याद्रीपलीकडे अडवलेले कोयनेचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे आणले जाते, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी कातळात कोरलेल्या या वीजगृहातील यंत्रांवर ते कोसळते आणि पुढे कोळकेवाडीच्या धरणाकडे जाते. मूळ उताराने गेले असते तर ते कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला पोचले असते. १९६०च्या दशकाच्या प्रारंभापासून येथे वीज निर्माण होत आली, आणि पोफळी-अलोरे परिसरातील वसाहतींचे दिवस तेव्हापासून पाळ्यांनी मोजले गेले.

या वीजगृहात १९६६ साली एक तरुण यंत्रचालक म्हणून रुजू झाला आणि २००१ साली निवृत्त झाला. चित्रपटाचा तो अभ्यासक नव्हता. रसिक हे बिरुदही त्याने स्वतःस कधी लावले नसते. त्याला एकाच प्रकारचे चित्रपट आवडत: ज्यांत एक तरुण आणि एक तरुणी एकमेकांना भेटतात, कोणीतरी वडीलधारा आड येतो, सोंगेढोंगे होतात, घोटाळा वाढतो, आणि अखेरीस लग्न लागते. शेवट ठाऊक असलेले हे चित्रपट तो पुनःपुन्हा पाहत असे. त्याची मुलगी पुढे साहित्याची प्राध्यापिका झाली, आणि वडिलांच्या या आवडीचे काय करावे, हा प्रश्न तिला बराच काळ पडून राहिला. प्रथम तो तिला अभिरुचीचा प्रश्न वाटला, नंतर समाजशास्त्राचा. तो सौंदर्यशास्त्राचा, आणि त्याहून अधिक तिच्या स्वतःच्या घराचा, प्रश्न आहे हे तिच्या लक्षात यायला फार वर्षे लागली.

समाजशास्त्रीय उत्तर तर हाताशीच होते. वडील रुजू झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेचा भूकंप झाला. त्यानंतरही या भागात लहानमोठे धक्के बसतच राहिले. भांडी वाजली तर उठायचे की कूस बदलायची, हे वसाहतीतील मुलांना आपोआप कळू लागले. ज्यांच्या पायाखालची जमीन भरवशाची नाही, त्यांना गोष्ट तरी भरवशाची हवी असते, असे एक नेटके विधान तिने पदव्युत्तर वर्गात असताना एका निबंधात केले होते. निबंधाला गुण चांगले मिळाले. सुट्टीत घरी आल्यावर तिने तो वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "भूकंपाच्या आधीपण मला हेच सिनेमे आवडायचे. 'लाखाची गोष्ट' मी जत्रेत तंबूत बघितला, तेव्हा कोयनेचं धरणसुद्धा झालं नव्हतं." दिलासा हे या चित्रपटांच्या आकर्षणाचे स्पष्टीकरण म्हणून नेहमी पुढे केले जाते. दिलासा त्यांत असतोच. पण दिलासा तर देवळात मिळतो, झोपेत मिळतो. नेमके याच आकृतिबंधातून जे मिळते ते कोणते, हा प्रश्न त्या उत्तराने सुटत नाही.

२

पाळीच्या नोकरीचा एक परिणाम असा की वडिलांनी कोणताही चित्रपट सलग पाहिला नाही. दूरदर्शनवर मराठी चित्रपट सुरू होई त्या संध्याकाळी ते बहुधा डोंगराच्या पोटात असत. कोयनेचा उपयोग मुख्यतः मागणी चढते त्या वेळेसाठी होतो; महाराष्ट्रभर दिवे आणि दूरचित्रवाणी संच एकदम लागले की येथील यंत्रांवर भार येतो. सारा मुलूख ज्या विजेवर नायक-नायिकेची भेट पाहत होता, ती वीज करणारा माणूस ती भेट पाहू शकत नव्हता. गणेशोत्सवात मैदानावर पडदा लागला, किंवा व्हिडिओ भाड्याने आणला, तरी तीच गत: कधी मध्यंतरापर्यंत पाहून कामावर जायचे, कधी कामावरून येऊन शेवटची वीस मिनिटे पाहायची.

रहस्यकथा अशी तुकड्यांनी पाहता येत नाही. प्रेमविनोदी चित्रपट पाहता येतो. त्यात कोठूनही शिरावे. कोण कोणाचा, कोण आड येणार, हे क्षणार्धात कळते. या सुलभतेला आपली समीक्षा नेहमी दोष मानत आली. ना. सी. फडके यांचे 'प्रतिभासाधन' १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्यातील तंत्रविचाराने वाचकाची उत्कंठा हे कथानकाचे बळ मानण्याची सवय मराठी वाचकाला लावली. फडक्यांच्या प्रणयकथांचा शेवटही वाचकाला पुष्कळदा आधीच ठाऊक असे, हा यातील विनोद. पुढे फडक्यांना नाकारणाऱ्यांनी तंत्र नाकारले. शेवट ठाऊक असणे म्हणजे कलेची उणीव, हे गृहीत मात्र तसेच ठेवले. अडोर्नो आणि हॉर्कहायमर यांनी संस्कृती-उद्योगावर जे आरोप ठेवले त्यांत हाही आहे: चित्रपट सुरू होतो तेव्हाच त्याचा शेवट कळलेला असतो, आणि प्रेक्षकाला विचार करण्याजोगे काही उरत नाही. तिने हा आरोप विद्यार्थिदशेत मनापासून मान्य केला होता. वडील पडद्यासमोर हसत, तेव्हा तिला थोडी लाज वाटे.

ज्या चित्रपटावरून ही लाज पक्की झाली, तो म्हणजे 'धूमधडाका' (१९८५). महेश कोठारे यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. त्याची कथा मराठीत जन्मलेली नव्हतीच. श्रीधर यांनी १९६४ साली तमिळमध्ये 'काधलिक्क नेरमिल्लै' केला, त्यावरून १९६६ साली हिंदीत 'प्यार किये जा' झाला, आणि मग तीच कथा मराठीत आली. म्हणजे एकाच ठाऊक शेवटाने तीन भाषांतील प्रेक्षकांना हसवले. धनाढ्य धनाजी वाकडे यांच्या मुलीवर एका तरुणाचे प्रेम आहे. वाकड्यांना जावई तोलामोलाचा हवा. म्हणून तरुणाचा मित्र त्याचा श्रीमंत बाप बनून येतो. शरद तळवलकरांचा वाकडे, आणि अशोक सराफ यांनी सोंगात उभा केलेला तो ठसका लागून अडखळणारा वृद्ध यदुनाथ जवळकर, यांची जुगलबंदी मराठी प्रेक्षकाला तोंडपाठ आहे. वडील तिच्यातील प्रत्येक विनोदाच्या आधी हसत. विनोद झाल्यावर नव्हे, होण्याच्या आधी. मुलीला त्यात निर्बुद्धपणा दिसे.

३

संस्कृत नाट्यशास्त्राने नाटकातील कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. यांतील चौथी अवस्था विशेष लक्ष देण्याजोगी आहे. नियताप्तीत फळ अजून हाती आलेले नसते. पण अडथळा दूर झाल्यामुळे ते मिळणार याची निश्चिती झालेली असते. मिळण्याची आशा आणि प्रत्यक्ष मिळणे यांच्या दरम्यान या परंपरेने निश्चितीसाठी एक स्वतंत्र जागा राखली, आणि ती रिकामी जागा आहे असे मानले नाही. उत्कंठेला सर्वस्व मानणाऱ्या तंत्रविचारात या अवस्थेला स्थान नाही. तेथे निश्चिती आली की गोष्ट संपली.

ठाऊक शेवटाच्या प्रेमविनोदी चित्रपटाची रचना या परिभाषेत स्पष्ट मांडता येते. पात्रे आरंभापासून एकेक पायरी चढत असतात. प्रेक्षक मात्र पहिल्या चौकटीपासूनच नियताप्तीत बसलेला असतो. दोघांचे काळ वेगळे आहेत. नायिका रडते तेव्हा ती प्राप्त्याशेतही नसते. तिच्याकडे पाहणारा चौथ्या पायरीवरून पाहतो. त्याला तिचे दुःख कळते, पण भय वाटत नाही. न. चिं. केळकरांनी वाङ्मयीन आनंदाला सविकल्प समाधी म्हटले, कारण त्यात परकायाप्रवेश होतो आणि स्वतःचे भानही सुटत नाही. या चित्रपटांत हे भान म्हणजे शेवटाचे ज्ञान. आणि 'काय होणार' या प्रश्नातून मोकळे झालेले लक्ष 'कसे' आणि 'केव्हा' यांवर स्थिरावते: तळवलकरांची भुवई केव्हा चढते, सराफांचा ठसका नेमक्या कोणत्या शब्दावर येतो. ख्याल ऐकणाऱ्याला समेची जागा ठाऊक असते. म्हणून तो समेकडे येणारी वाट ऐकू शकतो. वडील विनोदाच्या आधी हसत, ते या अर्थाने. ते समेवर आधीच जाऊन बसलेले असत.

मराठी रंगभूमीला हे नवे नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले, तेव्हा सुभद्रा अर्जुनाची होणार हे ठाऊक नसलेला प्रेक्षक नाट्यगृहात सापडणे अशक्य होते. अभिमन्यूच्या आईबापांचे लग्न झाले की नाही, ही उत्कंठा कोणाला असणार? तरीही नाटक शतकभराहून अधिक काळ होत राहिले. त्यात आड येणारा आहे बलराम. त्याला बहीण दुर्योधनाला द्यायची आहे. अर्जुन यतीच्या वेषात येतो, आणि सुभद्रेला त्याच्या सेवेला धाडतो तो स्वतः बलरामच. ज्याला दूर ठेवायचे, त्याच्याच हाती तो बहीण सोपवतो. कृष्णाला सारे ठाऊक, प्रेक्षकाला सारे ठाऊक; ठाऊक नाही ते फक्त घरातल्या थोरल्याला.

नॉर्थ्रप फ्राय यांनी 'अनॅटमी ऑफ क्रिटिसिझम'मध्ये (१९५७) ग्रीक-रोमन नवसुखात्मिकेपासून चालत आलेली ही घडण वर्णिली आहे. तरुण जोडपे, त्यांच्या आड येणारा वडीलधारा, आणि अंती त्या जोडप्याभोवती जमणारा नवा समाज. फ्राय यांचे एक निरीक्षण येथे फार महत्त्वाचे आहे: सुखात्मिकेची प्रवृत्ती शेवटच्या समारंभात जास्तीत जास्त माणसांना सामावून घेण्याची असते, आणि आड आलेल्याला बहुधा हाकलून न देता वळवून घेतले जाते. याचा अर्थ असा की शेवटाची सर्वांत जास्त गरज प्रेमिकांना नसते. त्यांचे लग्न तर कसेही लागले असते; पळून जाऊन लागले असते. गरज असते ती आड आलेल्याला. लग्नाच्या छायाचित्रात त्याला उभे कोण करणार, हा सुखात्मिकेचा खरा प्रश्न आहे, आणि ठाऊक शेवटाचा चित्रपट पहिल्या क्षणापासून त्याला त्या छायाचित्रात जागा राखून ठेवतो. वाकड्यांवर हसताना प्रेक्षकाच्या मनात राग नसतो, कारण वाकडे शेवटी हो म्हणणार हे त्याला माहीत असते. आगाऊ ज्ञानाचे रूपांतर असे आगाऊ क्षमेत होते.

४

परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे या चित्रपटांना त्यांच्या लायकीपेक्षा अधिक देणे. आड येणारा वळतो, हे खरे. पण तो आड कोणत्या कारणाने आलेला असतो? 'धूमधडाका'त कारण पैशाचे आहे. पैसा हा अडथळा म्हणून सोयीचा. कारण पैशाचे सोंग आणता येते. उसना कोट, उसना बाप आणि उसनी ऐट एवढ्यावर काम भागते. 'सौभद्रा'तील वधूवर दोघेही राजकुळातले, आतेमामे भावंडे; अडथळा काय तो थोरल्या भावाच्या मर्जीचा. आणि जेथे अडथळा खरोखरच जन्माचा दिसतो, तेथे जुनी सुखात्मिका ओळख पटवण्याची युक्ती वापरते: कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त राजाचे मन ज्या दासीवर बसले आहे, ती अखेरीस राजकन्या निघते. जन्माची अट मोडली जात नाही. ती पूर्ण झाली होतीच, असे उघड होते. जातीचे सोंग मात्र उसने आणता येत नाही, आणि कोणाची जात शेवटच्या अंकात सोयीने बदलतही नाही. मराठी प्रेमविनोदी चित्रपटाने म्हणूनच जातीला अडथळ्याचे स्थान क्वचितच दिले. जो अडथळा फसवणुकीने सुटतो, तोच त्याने निवडला.

२०१६ साली नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने ही निवड उघडी पाडली. त्याच्या पूर्वार्धाने प्रेमविनोदी चित्रपटाचे सारे संकेत पाळले आहेत: चोरट्या नजरा, चिठ्ठ्या, मित्रांची फिरकी, गाणी. प्रेक्षक नियताप्तीत बसतो. त्याला तेथे बसवले जाते. शेवटी माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन दारात येतात. सुखात्मिकेच्या संकेतानुसार हाच आड आलेल्यांच्या वळण्याचा क्षण. ॲरिस्टॉटलने सुखात्मिकेचे लक्षण सांगताना म्हटले होते की तिच्यात हाडवैरीही शेवटी मित्र होऊन जातात आणि कोणी कोणाला ठार करत नाही. 'सैराट' प्रेक्षकाच्या नेमक्या याच ज्ञानाचा उपयोग करतो आणि ते त्याच्या हातून काढून घेतो. नंतर जी शांतता पसरते, ती चित्रपटगृहात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक शेवटाची किंमत सांगणारी शांतता आहे. वर्तमानपत्रांतील बातम्या वाचणाऱ्याला कोणता शेवट अधिक अपेक्षित होता, हा प्रश्न विचारला की 'अपेक्षित' हा शब्दच अडखळतो. एक अपेक्षा संकेताने घडवलेली असते, दुसरी समाजाने. प्रेमविनोदी चित्रपट पहिलीच्या बाजूने उभा राहतो. त्याला भाबडा म्हणता येईल; मात्र समाज जे खात्रीने करील त्याच्या विरुद्ध, आड आलेला माणूस वळतो, असे तो दरवेळी सांगत राहतो. हा त्याचा हट्ट आहे, आणि त्यात काही मोल आहे.

५

त्या प्राध्यापिकेने १९९४ साली पुण्यात नोंदणी पद्धतीने लग्न केले. मुलगा शिकलेला होता, नोकरीचा होता. जात वेगळी होती. उसना बाप आणून सुटण्याजोगा हा प्रश्न नव्हता. आई रात्रीच्या एस.टी.ने एकटीच आली. वडील आले नाहीत. त्या दिवशी त्यांनी एका सहकाऱ्याची पाळी मागून घेतली होती. तीन वर्षांनी नातवाच्या बारशाला ते आले, फणस घेऊन आले, जावयाशी पावसापाण्याचे बोलले, आणि परत गेले. त्यानंतर येणेजाणे सुरू झाले. मधल्या तीन वर्षांविषयी कोणीही काही बोलले नाही. कधी संमती मिळाली, मिळाली की नाही, याची नोंद त्या घरात कोठेच नव्हती. विवाहाच्या दाखल्यावर जशी तारीख असते तशी वडिलांच्या होकाराला तारीख नव्हती, आणि ही उणीव मुलीच्या मनात घट्ट बसून राहिली.

आई गेल्यानंतरच्या पावसाळ्यात, २०१७ साली, ती काही दिवस पोफळीला राहायला आली. एका संध्याकाळी दूरचित्रवाणीवर 'धूमधडाका' लागला होता. वडील आता चौऱ्याहत्तर वर्षांचे. कामावर जायचे नव्हते, चित्रपट प्रथमच आरंभापासून पाहता येत होता. बाहेर घाटावरून पाऊस उतरत होता. ते नेहमीसारखे विनोदाच्या आधी हसत होते, आणि तिच्या ध्यानात आले की ते नायकाकडे पाहतच नाहीत. त्यांची नजर तळवलकरांवर होती. वाकडे सोंगातल्या बापाला आदराने बसवतात, त्याच्या पुढे पुढे करतात, त्या प्रसंगी त्यांच्या हसण्यात वेगळाच मऊपणा येई. तिने इतकी वर्षे हे हसणे ऐकले होते. कोणाकडे पाहून, हे पाहिले नव्हते.

शेवट पंधरा-वीस मिनिटांवर आला असताना वीज गेली. वीजगृहाच्या गावात वीज जाणे हा तेथला जुना विनोद आहे. त्यावर कोणी हसत नाही. तिने मेणबत्ती लावली. काही वेळाने वडील आपण होऊन पुढची गोष्ट सांगू लागले: सोंग कसे उघडे पडते, धावपळ कशी होते, लग्ने कशी ठरतात. ती ऐकत होती. मग ते म्हणाले, "आणि त्या वाकड्याला सगळं आधीच कळलेलं असतं."

"नाही अण्णा, त्याला कुठे कळतं? तो तर फसतो."

"असं सिनेमात दाखवतात." ते थोडा वेळ थांबले. "कळलेलं असतं गं. पण एकदा नाही म्हणून बसलेल्या माणसाला हो म्हणायचं कसं? कोणीतरी फसवावं लागतं."

चित्रपटात असे नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने संहितेत नसलेले असे काही वाचले असते, तर तिने पुरावा मागितला असता. येथे तिने मागितला नाही. बलराम यतीच्या सेवेला सुभद्रेला स्वतः का धाडतो, या प्रश्नाचे एक नवे उत्तर तिच्या पुढ्यात पडले होते. सोंग हे वडीलधाऱ्याला चकवण्यासाठी असते, असे सारे नाट्यविवेचन धरून चालते. कदाचित ते त्याला मागे फिरण्याची वाट देण्यासाठी असते: हरलो असे न म्हणता, फसलो असे म्हणता यावे म्हणून. ज्या घरात असे सोंग रचायला कोणी नसते, तेथे बारशाला फणस घेऊन येणाऱ्या माणसाला ती वाट स्वतःच शोधावी लागते, आणि ती सापडली हे कोणाला सांगताही येत नाही. आपल्या आवडत्या चित्रपटात ते तीस वर्षे ती वाट तुकड्यातुकड्यांनी पाहत आले होते.

यामुळे तिचा आक्षेप मागे पडला असे नाही. पैशाच्या जागी जात असती तर वाकडे काय करते, हे 'धूमधडाका' सांगत नाही, आणि न सांगण्यावरच त्याचे हसणे उभे आहे. वडिलांनी त्या तीन वर्षांत काय केले हेही त्या हसण्याने पुसले जात नाही. एवढेच की आता आक्षेप घेणारी आणि हसणारा एकाच खोलीत, एकाच मेणबत्तीच्या उजेडात बसले होते.

वीज आली तेव्हा पडद्यावर बातम्या लागल्या होत्या. वडिलांनी संच बंद केला. तो शेवट पुन्हा केव्हा लागेल, असे दोघांपैकी कोणीही विचारले नाही.